तिसऱ्या पडद्यावरची पट्टी

१

चोरी उघडकीस आली ती जवळजवळ पन्नास वर्षांनी, आणि तीही एका चिठ्ठीमुळे.

जळगावात फेब्रुवारीची सकाळ होती. ऊन अजून माणसांशी सभ्यपणे वागत होते. केळीच्या वेफर्सचे व्यापारी प्रेमराज यांनी हौसेने भरवलेल्या जुन्या वाद्यांच्या प्रदर्शनाचा तो दुसरा दिवस होता. भाता फाटलेल्या पेट्या होत्या, मुक्या झालेल्या सनया होत्या, आणि एक तुतारी होती, जी वाजवून पाहण्याचा मोह प्रत्येक पाहुण्याला होई आणि साधत मात्र कुणालाच नसे. या सगळ्यांच्या मधोमध, काचेच्या पेटीत, एक गिटार ठेवली होती. तिच्यावर कंपनीचे नाव नव्हते. आत डोकावले तर कागदाचा कपटा नव्हता. पाटी नसलेल्या स्टेशनावर उतरल्यासारखे तिच्यासमोर वाटे: आलो खरे, पण कुठे ते कळत नाही.

त्या काचेवर, वळणदार निळ्या अक्षरांत, एक चिठ्ठी चिकटवलेली आढळली. ‘ही वस्तू चोरीची आहे. भुसावळ, १९७६.’

प्रेमराजांनी दार लावून घेतले आणि आतल्यांना ओळीने उभे केले. गिटारीचा क्लास चालवणारा भूपेंद्र म्हणाला की त्याचे अक्षर इतके चांगले असते तर त्याने क्लास कशाला काढला असता. पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक हितेंद्र यांनी चिठ्ठीचा कागद उजेडात धरून त्याच्या वजनाविषयी अंदाज सांगितला. त्याची कुणाला गरज नव्हती. प्रेमराज स्वतःच्याच प्रदर्शनाला बदनाम करतील असे त्यांच्या शत्रूंनाही वाटले नसते. मग उरले कोण?

मागच्या बाकावर सकाळपासून बसलेले एक वृद्ध गृहस्थ उठले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने, हातात घडी घातलेली कापडी पिशवी.

“उगीच त्यांना त्रास नको,” ते म्हणाले. “चिठ्ठी मी लिहिली.”

२

हिलाल आबा. वय सत्त्याहत्तर. भुसावळच्या पूर्णा फॉरवर्डिंग एजन्सीचे निवृत्त क्लेम्स क्लार्क.

एजन्सी आता उरलेली नाही. बदली झालेल्या, निवृत्त झालेल्या, देश सोडून निघालेल्या रेल्वेच्या माणसांचे संसार खोक्यांत बांधून मुंबईच्या बंदरापर्यंत पोचवणे हा तिचा धंदा होता. वाटेत जे हरवेल ते शोधणे ही आबांची नोकरी. हरवलेली वस्तू ही सर्वात बोलकी वस्तू असते, असे त्यांचे मत होते. एकतीस वर्षांत त्यांनी छत्र्या शोधल्या, शिवणयंत्रे शोधली, एकदा तर एक जिवंत पोपट शोधला. सुटले नाही ते फक्त एक प्रकरण.

जून १९७६ मध्ये मेल गाडीचे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर ग्रीनवे साहेब बायकोसह ऑस्ट्रेलियाला, पर्थला निघून गेले. मुंबईहून त्यांचे पत्र आले: सामानात गिटार नाही. आबांनी ती गिटार दरसाल पाहिलेली होती, म्हणून तिचे वर्णन त्यांनी स्वतःच नोंदवले: ‘गिटार एक, तपकिरी. ओळखीची खूण: मानेवर, तिसऱ्या पडद्याशी, आडवी पट्टी.’ गिटारीच्या मानेवर ज्या बारीक धातूच्या आडव्या रेषा असतात, त्यांना वाजवणारे पडदे म्हणतात, हे ज्ञान त्यांनी त्यासाठी खास मिळवले होते.

पुढच्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या मिरवणुकीत, एजन्सीचा पॅकर झुलाल ट्रॅक्टरवर उभा राहून गिटार वाजवताना दिसला. गिटार तपकिरी होती. मानेवर, तिसऱ्या पडद्याशी, आडवी पट्टी होती.

चौकशीत झुलालने एका ओळीचा जबाब दिला: ‘गिटार मी केली.’ आबांनी तो इमानाने लिहून घेतला आणि खाली स्वतःचा शेरा मारला: ‘विश्वासार्ह नाही.’ गुन्हा शाबीत झाला नाही, पण नोकरी गेली. झुलाल भुसावळ सोडून धुळ्यास, देवपुरात आला, शाळांची बाके करू लागला, तिथेच त्याने लग्न केले आणि तिथेच वीस वर्षांपूर्वी तो वारला.

प्रेमराजांचा फोन गेल्यावर त्याची विधवा पुष्पाबाई दुपारच्या एस.टी.ने आली. आबांनी आरडाओरड्याची तयारी ठेवली होती. बाईंनी नुसती खुर्ची ओढून घेतली.

तिचे म्हणणे थोडक्यात असे. नवऱ्याने जन्मभरात या विषयावर एकच वाक्य सांगितले होते, ते तिने मानले; पण मानणे आणि दाखवता येणे यांत फरक असतो. पेपरात प्रदर्शनाची जाहिरात वाचून गिटार तिने मुद्दाम आणून दिली होती. जाणत्या माणसांनी ती पाहावी आणि घरगुती, ओबडधोबड, गावठी म्हणून बाजूला सारावी, एवढीच तिची इच्छा होती.

“पन कोनीच तिले वाईट म्हनत नही, आबा,” ती म्हणाली. “बठ्ठा लोक म्हनतंस, काय वस्तू शे. जितली ती चांगली, तितला मना मालक चोर व्हस.”

प्रेमराजांनी घसा खाकरला. चोरीचा माल त्यांना ठेवता येणार नव्हता आणि बाईंना परतही करता येणार नव्हता. रविवारी संध्याकाळी समारोप झाला की गिटार पोलीस ठाण्यात जमा होईल, आणि स्मरणिकेत तिच्या चित्राखाली तसे छापले जाईल. आज गुरुवार होता.

पुष्पाबाई आबांकडे वळली. “चिठ्ठी तुमनी. आते शोध बी तुमनाच.”

आयुष्यात पहिल्यांदाच हिलाल आबांना, ज्याच्यावर त्यांनी आरोप ठेवला त्याच्याच घरच्यांनी कामावर ठेवले होते.

३

शुक्रवारी जबाब सुरू झाले. आबांची पद्धत जुनी होती: एका वेळी एक माणूस, एक कोरा कागद, आणि जबाब पुरा होईस्तोवर चहा नाही. त्यामुळे प्रेमराजांना स्वतःच्याच सभागृहात, स्वतःच सांगितलेल्या चहाकडे पाहत तासभर बसावे लागले.

पुष्पाबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर ऐकत होती.

गिटारीची पाठ ही प्रेमराजांची प्रीती होती. पाठ सलग फळीची नव्हती. सागाचे लहान लहान तुकडे तिरके जोडून ती विणल्यासारखी केली होती. सांधे इतके बारीक की नख फिरवले तरी अडत नसे. सलग फळी कुणीही चिकटवील, प्रेमराज म्हणाले. असे विणकाम फक्त इटलीत होई, तेही शंभर वर्षांपूर्वी, तेही एखाद्या राजघराण्यासाठी. त्यांचे डोळे पाणावले होते. कोपऱ्यात पुष्पाबाईने पदर तोंडाशी नेला. तिच्या नवऱ्याने आता एका राजघराण्याला लुटले होते.

आबांनी तुकडे मोजले. त्रेचाळीस. मान पाहिली, तीही दोन तुकड्यांची, मध्ये तिरपा सांधा. मग त्यांनी बाही सरकवली आणि कोपरापासून मधल्या बोटापर्यंत स्वतःचा हात प्रत्येक तुकड्याशी लावून पाहिला. एकही तुकडा हातभर भरला नाही. मोजण्याची ही सवय एजन्सीतली होती. तिथे खोकी करायला रेल्वेच्या मोडीत निघालेल्या डब्यांचे सागवान लिलावात घेत, आणि उरलेले तुकडे शेठ स्वतः गोदामाच्या दारात उभे राहून हाताने मोजत. हातापेक्षा लांब तो तुकडा गोदामात परत. आखूड तो पॅकरच्या चुलीसाठी. शेठचा हात आणखी चार बोटे लांब असता तर पॅकरांच्या चाळीतल्या चुली अधिक वेळ पेटल्या असत्या.

“दोष काही दिसतो?” आबांनी विचारले.

“एकच,” प्रेमराज म्हणाले. “ही माझी नाही.”

भूपेंद्रने मानेवरच्या पट्टीविषयी सांगितले. शिसवी लाकूड, खालच्या बाजूला हाडाचा पातळ थर, सरसाने कायमची बसवलेली; तारा तिच्याखालून दाबल्या जाऊन पुढे जातात. अशी गिटार त्याने कधी पाहिली नव्हती आणि म्हणूनच ती कुठली हे त्याला नक्की ठाऊक होते. युरोपातल्या बोहेमियातल्या एखाद्या कारागिराचे पेटंट, त्याने ठासून सांगितले. पुरावा म्हणून त्याने फोनवर सहा गिटारींची चित्रे दाखवली, ज्यांतल्या एकीलाही पट्टी नव्हती. हेच तिच्या दुर्मिळतेचे प्रमाण, असे तो म्हणाला.

मग त्याने ती वाजवली, आणि काही क्षण कुणालाच बोहेमिया आठवला नाही. आवाज गोड नव्हता. तो चुलीवर भाजलेल्या वांग्यासारखा होता: वर धुराचा कडवटपणा, आत मऊ, गरम, जवळजवळ दुखणारे काहीतरी. वाजवणे थांबले तरी तो लाकडात थोडा वेळ रेंगाळला, पाहुणे गेल्यावर ओट्यावर रेंगाळते तशी एक ऊब. भूपेंद्रने डोळे पुसले आणि दोष शोधण्यास नकार दिला.

पुष्पाबाई खिडकीबाहेर पाहू लागली.

प्राध्यापक हितेंद्र भिंग घेऊन आले होते. त्यांनी पडद्यांच्या शेजारी बुजवलेल्या खाचा शोधून काढल्या. जवळजवळ प्रत्येक पडद्याशेजारी एक जुनी खाच, कुठे दोन, लाकडाचा भुसा आणि सरस भरून गुळगुळीत केलेली. म्हणजे पडदा आधी तिथे होता, मग केसभर सरकवला, मग पुन्हा. ते व्हिएन्नातले ध्वनिशास्त्राचे प्रयोग होते याबद्दल प्राध्यापकांना शंका नव्हती. त्यांनी दोन पाने आकडेमोड जोडली.

“दोष?” आबांनी थकून विचारले.

“एक आहे,” प्राध्यापक अनिच्छेने म्हणाले. पट्टीच्या मागे, मानेच्या टोकाकडे, पहिले दोन पडदे आहेत. त्यांच्याशेजारी एकही बुजवलेली खाच नाही, आणि ते साफ चुकीच्या अंतरावर आहेत. शाळकरी चूक. बाकी सगळीकडे केसाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने तिथे नुसते डोळ्याने ठरवून ठोकले असावे. उस्तादाला एखाद्या दिवशी ताप आला असेल.

पुष्पाबाई खुर्चीत ताठ बसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी गिटारीला नाव ठेवले होते.

पण एका चुकीने काय होते? संध्याकाळी आबांच्या कागदावर तीन देश जमले होते, आणि तिघांचे एका गोष्टीवर एकमत होते: जगात ही गिटार कुठेही झाली असेल, भुसावळात नाही.

४

शनिवारी समारोपाच्या गाण्याची तालीम होती. गाणार होती मेघा, एका बँकेत अधिकारी असलेली भूपेंद्रची शिष्या. तिचा आवाज उंच होता. पहिली ओळ झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, सर, खाली पडतंय. भूपेंद्रने खिशातून एक लहानसा चिमटा काढला, आपल्या गिटारीच्या मानेवर आडवा लावला आणि पुन्हा सुरू केले. आता सूर तिच्या गळ्याशी जुळले.

आबा बाकावरून उठले. “ते काय लावलंत?”

“कॅपो, आबा. गाणाऱ्याचा आवाज वर असला की लावायचा. नसला की काढायचा.”

“काढायचा?”

भूपेंद्रने काढून दाखवला. आबांनी पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा काढायला. सातव्या वेळी मेघाने घड्याळ पाहिले.

आबा मात्र त्या सभागृहात नव्हतेच. ते डिसेंबरच्या थंडीत, साहेब लोकांच्या क्लबाच्या खिडकीबाहेर उभे होते. आत दिवे, कागदी फुले, नाचणाऱ्या जोड्या. एजन्सीच्या माणसांना आत प्रवेश नव्हता. खिडकीला मात्र कुणी पहारा ठेवला नव्हता. दरसाल ग्रीनवे साहेब वाजवीत आणि त्यांची बायको गाई, फार उंच, फार पातळ आवाजात, जणू काचेवर बोट फिरवावे. ती गाई म्हणून गिटारीच्या मानेवर पट्टी असे. प्रत्येक वर्षी, प्रत्येक गाण्याला, त्याच जागी. खिडकीतून पाहणाऱ्याला ती गिटारीचा अवयवच वाटणार; आबांनाही वाटली होती. आणि त्या काचेला दुसरे एक नाक लागलेले असे. रुंद, लाकडाचा भुसा बसलेले, झुलालचे नाक.

“अक्का,” आबा कोपऱ्यातल्या पुष्पाबाईकडे वळून म्हणाले, “उद्या पहिल्याच गाडीने या.”

५

एक प्रश्न तेवढा उरला होता. ही जर ती गिटार नसेल, तर ती कुठे गेली?

आबांनी घरी येऊन लोखंडी ट्रंक उघडली. प्रत्येक वर्षाची एक वही, स्वतःसाठी केलेली नक्कल. १९७६ची वही त्यांना पाठ होती: क्रमांक एकशे अठरा, ग्रीनवे, अनिर्णीत. ७७ची वही त्यांनी कित्येक वर्षांत उघडली नव्हती. तिच्यात एप्रिलमधला झुलालचा जबाब होता, आणि तोही त्यांना पाठ होता. तरी उघडली. जबाब होता तिथेच होता.

वही मिटताना ती हातून निसटली आणि उलटी पडली.

आबांच्या वह्यांना दोन तोंडे असत. चालू प्रकरणे पुढून; अर्जदारांनी स्वतःच मागे घेतलेली प्रकरणे मागून, वही उलटी धरून. मागची पाने वर्षअखेरीस एजन्सीच्या दप्तरातून एका बैठकीत उतरवून काढायची असत, शेकडो ओळी. अशा वेळी हात लिहितो आणि माणूस दुसरीकडे असतो. आबांनी चष्मा पुसला. जुलै १९७७. त्यांचेच वळणदार निळे अक्षर.

‘क्र. ११८. ग्रीनवे, पर्थ. गिटार अर्जदाराच्याच रजईच्या वळकटीत मिळाली. अर्ज मागे. दप्तरी दाखल.’

पर्थला थंडी जूनमध्ये पडते. पहिल्या हिवाळ्यात रजईची गरजच पडली नव्हती, किंवा कुणी दुसरी पांघरली होती. दुसऱ्या हिवाळ्यात वळकटी सोडली, आतून गिटार निघाली, आणि भल्या माणसाने तत्परतेने पत्र टाकले. एजन्सीने त्याला परस्पर पोच दिली. ज्याच्यावर संशय होता त्याला कळवण्याची पद्धत नव्हती. आणि झुलालला काढून तेव्हा दोन महिने झाले होते.

पट्टीचा उलगडा पुरेसा होता. तेवढ्याने झुलाल सुटत होता. ही वही जगात दुसऱ्या कुणाजवळ नव्हती. त्यांनी ती पिशवीत टाकली. काढली. चहा घेतला. पुन्हा टाकली.

६

रविवारी सभागृह भरले, कारण समारोपानंतर भरीत-पुरीचे जेवण होते. आबांनी गिटार काचेतून बाहेर काढायला लावली आणि टेबलावर पालथी ठेवली.

आधी त्यांनी पाठ दाखवली. त्रेचाळीस तुकडे, एकही हातभर नाही, मानसुद्धा जोडलेली. राजघराण्याचा कारागीर हातभर फळीला महाग नसतो, ते म्हणाले. असे तुकडे ज्याच्याकडे असतात आणि लांब फळी ज्याच्याकडे कधीच नसते, असा माणूस म्हणजे पूर्णा एजन्सीचा पॅकर. ते त्याच्या चुलीचे, त्याच्या हक्काचे लाकूड होते. ते न जाळता त्याने साठवले. प्रेमराजांनी इटलीचा हात सोडला, पण पाठीवरून फिरणारे बोट काही काढले नाही.

मग खाचा. कारखान्यात पडद्यांची अंतरे मापाने ठरतात. इथे पडदा बसवला, ऐकला, पटला नाही, उपटला, केसभर सरकवून पुन्हा बसवला. या माणसाकडे माप नव्हते, कान होता. जिथवर कान पोचला तिथवर एकही चूक नाही. पट्टीच्या मागचे दोन पडदे मात्र वाजतच नाहीत, तिथे कान निरुपयोगी होता, म्हणून ते डोळ्याच्या अंदाजाने ठोकले, आणि चुकले. प्राध्यापक हितेंद्र पुटपुटले की व्हिएन्नातही असे होऊ शकले असते; पण त्यांनी आकडेमोडीची पाने घडी करून खिशात घातली होती.

“आता पट्टी,” आबा म्हणाले. त्यांनी भूपेंद्रला चिमटा लावून आणि काढून दाखवायला सांगितले. “ग्रीनवे साहेबांच्या गिटारीवर हा होता. मी तो खिडकीतून पाहिला आणि वहीत खूण म्हणून लिहिला. झुलालनं खिडकीतून पाहिला आणि लाकडात कोरला. ज्यानं ती गिटार चोरली असती त्याच्या हातात ती आली असती, आणि हातात आली की पहिल्या दिवशी कळतं, हा निघतो. पट्टी सरसानं चिकटवणारा माणूस एकच: ज्यानं गिटार कधी हातात धरलेलीच नाही.”

सभागृहात कुणीतरी टाळी वाजवली. भूपेंद्रने पट्टीवर हळूच अंगठा ठेवला आणि म्हणाला की त्याला बोहेमियापेक्षा हे जास्त भारी वाटते. प्रेमराजांनी स्मरणिकेचा मजकूर तिथल्या तिथे खोडला. सगळे पुष्पाबाईकडे पाहू लागले, आणि आबांना तिथे थांबता आले असते.

त्यांनी पिशवीतून वही काढली. उलटी धरली. ती ओळ वाचली. मग कुणी विचारण्याआधीच सांगितले की अक्षर त्यांचे आहे, ती जुलैची आहे, आणि ती उतरवताना त्यांनी वाचली नव्हती. सुटले नाही असे ज्याला ते जन्मभर म्हणत आले ते प्रकरण सुटलेलेच होते. त्याच वहीत, चाळीस पाने पलीकडे. हरवला होता तो निरोप, आणि तो हरवणारा इसम टेबलापाशी उभा होता.

टाळी पुन्हा वाजली नाही. आतून भरिताच्या फोडणीचा वास येत होता.

पुष्पाबाईने वही मागून घेतली. उलटी, सुलटी, पुन्हा उलटी धरून ती ओळ बोट ठेवत वाचली. तिने रडावे किंवा चिडावे अशी सगळ्यांची अपेक्षा होती. तिने वही आबांना परत दिली.

“आठे, जळगावले, सांगं ते चांगलं करं,” ती म्हणाली. “पन आठे त्यासले कोनी चोर म्हने नही. म्हनेत ते भुसावळले.”

७

सोमवारी सकाळी पॅसेंजरमधून दोघे भुसावळला उतरले. गिटार आबांच्या खांद्यावर होती. पुष्पाबाईने ती उचलण्यास साफ नकार दिला होता. पुलावर दोन तरुणांनी आबांना गाणे म्हणण्याची विनंती केली.

एजन्सीची चाळ अजून उभी होती. त्या वेळची माणसे बारा घरांत उरली आहेत, अशी यादी आबांनी केली होती. कोण कुठल्या दाराआड, कुणाला ऐकू येते, कुणाला नाही. पहिले दार शेवंताबाईचे. झुलालच्या खोलीला लागून तिची खोली होती. आता नव्वदीला आलेली, ती ओट्यावर उन्हात बसून तूर पाखडत होती.

आबांनी गिटार भिंतीला टेकवली आणि उभ्याने जबाब दिला. नाव, हुद्दा, साल. झुलालने गिटार चोरली नव्हती, स्वतः केली होती. साहेबांची गिटार साहेबांकडेच मिळाली होती. ते पत्र आले होते आणि कळवायचे राहिले, ती चूक माझी. हे त्यांनी रात्रीतून पाठ केले होते, तरी ‘माझी’ या शब्दाशी ते अडखळले.

शेवंताबाईचे सूप थांबले नाही.

“ते त आमाले ठावकंच होतं, भाऊ,” ती म्हणाली. “वरीसभर भितीपल्याड त्याचा रंधा चाले. माहं पोरगं झोपे नाही त्या आवाजानं. मंग तारा लावे, मंग काढे, मंग पुन्ना लावे. आख्ख्या चाळीले ठावकं होतं.”

आबांनी विचारले, “मग कुणी बोललं का नाही?”

म्हातारीने पहिल्यांदा मान वर केली. तिला खरोखरच नवल वाटले होते.

“तुमी लिवेल होतं ना, साहेब.”

तुरीचा कोंडा उन्हात उडाला आणि आबांच्या पांढऱ्या शर्टावर बसला. त्यांनी तो झटकला नाही. खाली वाकून, गुडघ्यावर हात टेकत, त्यांनी गिटार उचलली आणि पुन्हा खांद्यावर घेतली. पुष्पाबाई ओट्याच्या पायरीवरून उतरून पुढे चालूही लागली होती.

“चाला, आबा,” ती मागे न पाहता म्हणाली. “आजून अकरा घरं शेतस.”